गोव्याच्या रानात शेंदरी वॅक्सकॅप पाहताना: नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

गोव्यात अळंब्यांचा विषय निघाला की बोलणे आधी वळते ते रोयणीवर, म्हणजे वाळवीच्या वारुळावर, उगवणाऱ्या आणि पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पानांत बांधून विकायला येणाऱ्या अळम्यांकडे. ती टर्मिटोमायसेस या प्रजातीतील (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) अळंबी असून त्यांचे सारे आयुष्य वाळवीच्या वारुळाशी बांधलेले असते. हा लेख त्यांच्याविषयी नाही. सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि काणकोण या तालुक्यांतील रानांत ओल्या मातीतून, मॉसने झाकलेल्या दरडींवर आणि व्हाळांच्या (ओढ्यांच्या) काठांवर शेंदरी, केशरी किंवा पिवळीधमक अशी लहानशी अळंबी उगवतात. त्यांपैकी हायग्रोसायबी या प्रजातीतील अळंब्यांना वॅक्सकॅप म्हणतात. चवथीच्या आधी माटोळीचे, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांच्या सजावटीचे, सामान आणायला रानात जाणाऱ्यांच्या नजरेस ती पडलेली असतात. पण ती खाण्याच्या कामाची नसल्यामुळे त्यांची चौकशी करण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही.

नवशिक्याने एक गोष्ट प्रथमच ध्यानात घ्यावी. रंगामुळे हे अळंबे सापडते, पण रंगावरून ते ओळखता येत नाही. सकाळी शेंदरी दिसणारी छत्री एखाद्या उन्हाच्या तिरिपेने दुपारपर्यंत फिकट केशरी होते, जोराच्या पावसाने तिच्या कडा पिवळ्या पडतात आणि वाळवल्यावर तर मूळ रंगाचा मागमूसही राहत नाही. म्हणून पुढील सगळ्या पायऱ्यांचा रोख छत्रीच्या माथ्यापेक्षा तिच्या खालच्या बाजूकडे आणि जे दिसेल ते तिथल्या तिथे लिहून ठेवण्याकडे आहे.

पहिली पायरी: वेळ, परवानगी आणि सामान

नैर्ऋत्य मोसमी पाऊस गोव्यात साधारणपणे जूनच्या पहिल्या आठवड्यात पोहोचतो. पहिल्या सरींनंतर उगवणारी अळंबी बहुतांशी लाकूड आणि पालापाचोळा कुजवणारी असतात. वॅक्सकॅपसाठी माती आणि मॉस खोलवर भिजलेली लागतात, त्यामुळे जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ निवडावा. त्यातही मुसळधार पाऊस चालू असलेल्या दिवशी बाहेर पडण्यात अर्थ नसतो, कारण एवढी नाजूक अळंबी चिखलाच्या शिंतोड्यांनी माखून जातात. मोठ्या पावसानंतर दोन-तीन दिवस भुरभुर चालू राहिली की जावे.

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला ही अभयारण्ये तसेच मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीनेच जावे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू असल्यामुळे तेथून एकही अळंबे उपटून आणू नये. पावसाळ्यात धबधब्यांकडे जाणाऱ्या वाटा काही वेळा बंद केल्या जातात, त्याचीही आधी चौकशी करावी. माझ्या मते नवशिक्याने अभयारण्यापासून सुरुवात करूच नये. ओळखीच्या माणसाच्या कुळागराची (सुपारीच्या बागेची) रानाकडची कड, गावाबाहेरची पाऊलवाट, घाटरस्त्यालगतची मॉस धरलेली दरड या जागा शिकण्यासाठी अधिक सोयीच्या असतात, कारण तेथे पुन्हा पुन्हा जाता येते. नानोड्याजवळ बांबर येथील निरंकाराची राय किंवा केरीतील आजोबाची राय यांसारख्या देवरायांत जायचे असेल तर गावकऱ्यांना विचारून जावे, तेथील रीत पाळावी आणि काहीही तोडू नये.

सामान थोडेच लागते. दहापट मोठे दाखवणारे भिंग, खिशात मावणारा छोटा आरसा, मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी, पांढऱ्या कागदाचा तुकडा, वही आणि पेन्सिल एवढे पुरेसे आहे. पेन्सिलच घ्यावी, कारण दमट कागदावर शाई फुटते. मापासाठी नाणे ठेवण्याची सवय अनेकांना असते, पण एक रुपयाचीच नाणी निरनिराळ्या काळांत निरनिराळ्या आकारांची निघालेली असल्यामुळे छायाचित्र पाहणाऱ्याला त्यावरून नेमके माप कळत नाही. जेथे गोळा करणे वैध आहे तेथे नमुन्यांसाठी झाकणाचा कडक डबा न्यावा. प्लास्टिकच्या पिशवीत वॅक्सकॅपचा तासाभरात लगदा होतो.

दुसरी पायरी: शोधणे

उभ्याने चालत शोधल्यास ही अळंबी बहुधा निसटतात. डोळ्यांच्या पातळीवर येणारी दरड, जांभ्याच्या चिऱ्यांवर जमलेला मॉस, व्हाळाकाठची सावलीतली उघडी माती आणि वाटेच्या कडेला पालापाचोळा पातळ झालेली जागा या ठिकाणी थांबून, वाकून पाहावे. पाचोळ्याचा जाड थर असेल तेथे ती असली तरी दिसत नाहीत. एक सापडले की पाऊल न उचलता भोवतालचा हातभर परिसर नजरेने तपासावा, कारण ती बऱ्याचदा विखुरलेल्या गटाने येतात आणि दुसरे बहुतेक वेळा आपल्याच बुटाखाली सापडते.

वाकण्यापूर्वी आजूबाजूला पाहण्याची शिस्त मात्र सोडू नये. मलबार चापडा हा विषारी साप पावसाळ्यात झुडपांवर, खडकांवर आणि व्हाळांच्या काठांवर निश्चल बसलेला असतो, तर नाकाड्या चापडा पाचोळ्यात बेमालूम मिसळून जातो. हात किंवा गुडघा टेकण्याआधी ती जागा काठीने हलकेच चाचपावी आणि दरडीच्या कपारीत बोटे घालू नयेत. जळवांचा त्रास त्यामानाने किरकोळ असतो. विजार मोज्यांत खोचली आणि मधूनमधून पाय पाहिले की भागते.

तिसरी पायरी: जागेवरची तपासणी

अळंबे सापडताच ते उपटू नये. आधी ते कशावर उगवले आहे ते पाहावे. वॅक्सकॅप बहुधा मातीतून किंवा मॉसमधून उगवतात. काही लहान जाती मॉस धरलेल्या, पार कुजून भुसभुशीत झालेल्या लाकडावरही येतात, पण टणक फांदीवर किंवा एकेका वाळल्या पानावर उगवलेले रंगीत अळंबे दिसले तर ते दुसरेच काहीतरी असण्याची शक्यता अधिक असते.

मग छत्रीचा माथा पाहावा. तो कोरडा आहे, ओलसर आहे की बुळबुळीत आहे हे बोटाच्या टोकाने हलकेच स्पर्श करून ठरवावे. पाऊस चालू असताना सगळीच अळंबी ओली असतात, तेव्हा टिपकागदाने पाणी टिपून पुन्हा पाहावे. खरा बुळबुळीतपणा टिपल्यावरही जात नाही. कोणतेही अळंबे नुसते हाताळल्याने विषबाधा होत नाही, त्यामुळे स्पर्शाची भीती बाळगू नये. जगभर विखुरलेल्या हायग्रोसायबी मिनिआटा या शेंदरी जातीची छत्री साधारण १ ते ३ सेंटिमीटर व्यासाची, कोरडी असते, आणि भिंगातून पाहिले तर तिच्या मध्यावर बारीक कोंडा धरल्यासारखे खवले दिसतात. छत्री जुनी होते तसे हे खवले विरळ होत जातात, म्हणून तपासणीसाठी गटातील कोवळे आणि वयस्क अशी दोन्ही अळंबी निवडावीत.

सर्वांत अधिक वेळ द्यावा तो कल्ल्यांना, म्हणजे छत्रीखालच्या उभ्या पात्यांना. छोटा आरसा छत्रीखाली तिरपा धरला की अळंबे न उपटता ते दिसतात, आणि अभयारण्यात तर हाच एक मार्ग आहे. वॅक्सकॅपचे कल्ले जाडसर असतात, एकमेकांपासून बरेच अंतर राखून असतात आणि दोन लांब कल्ल्यांच्या मध्ये कडेपासून थोडेच आत येणारे आखूड कल्ले असतात. बोटाने चोळले असता ते भुकटीसारखे न लागता किंचित तुळतुळीत, मेणचट लागतात. या मेणचटपणाचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते: बीजाणू धारण करणाऱ्या बेसिडियम नावाच्या पेशी वॅक्सकॅपच्या कुलात अतिशय लांबट असून त्यांची लांबी बहुधा बीजाणूच्या लांबीच्या पाचपटींहून अधिक भरते. कल्ल्यांचा रंग छत्रीपेक्षा अनेकदा फिकट, केशरी-पिवळा असतो. ते देठाला कसे जुळलेले आहेत हेही टिपावे. देठाला नुसते टेकलेले, देठावर थोडे खाली उतरलेले आणि देठापर्यंत जेमतेम पोहोचणारे अशा तीन अवस्था वेगवेगळ्या नोंदवाव्यात. हायग्रोसायबी कँथरेलस या जातीत कल्ले देठावर स्पष्टपणे खाली उतरतात, आणि मिनिआटापासून तिचे वेगळेपण रानात मुख्यतः याच लक्षणावरून लक्षात येते.

देठाविषयी थोडक्यात सांगता येईल. वॅक्सकॅपच्या देठावर कडे नसते, बुडाशी पेल्यासारखे आवरण नसते आणि तो ठिसूळ, पुष्कळदा आतून पोकळ असतो. कडे किंवा बुडाचा पेला दिसला तर ते अळंबे हायग्रोसायबी नाही असे निःशंकपणे लिहावे.

जेथे परवानगी आहे तेथे एका अळंब्याचा देठ चिमटीत किंचित दाबून, ते बाजूला ठेवून वाट पाहावी. हायग्रोसायबी कोनिका आणि तिच्या जवळच्या जाती दाबल्या किंवा जुन्या झाल्या की काळ्या पडतात. दाबलेल्या ठिकाणी आधी करडी छटा येते, मग देठावरच्या उभ्या रेषा गडद होत जातात आणि शेवटी ते सबंध अळंबे काजळीने माखल्यासारखे दिसू लागते. काळे पडायला किती मिनिटे लागली ते घड्याळ पाहून लिहावे. काळवंडलेले अळंबे कुजलेले समजून नवखे लोक ते वगळतात आणि नेमके ओळखीचे लक्षणच हातचे जाते.

चौथी पायरी: सारखी दिसणारी अळंबी वगळणे

वॅक्सकॅप म्हणून सर्वांत अधिक फसवते ती एंटोलोमा ही प्रजाती. तिच्यातही पिवळ्या आणि केशरी जाती आहेत, त्याही मातीतून उगवतात आणि कोवळेपणी त्यांचे कल्ले रंगावरून संशय येऊ देत नाहीत. फरक बीजाणूंच्या रंगात आहे: एंटोलोमाचे बीजाणू गुलाबी, तर वॅक्सकॅपचे पांढरे असतात. मॅरॅस्मिअसच्या रंगीत जाती पाचोळ्यावर उगवतात आणि त्यांचा देठ तारेसारखा बारीक व चिवट असतो, त्यामुळे त्या लवकर वेगळ्या काढता येतात. लाल छत्रीची रुसुला आकाराने बरीच मोठी असते आणि तिचा जाड देठ खडूसारखा तुटतो. घरच्या कुंड्यांत उगवणारे पिवळे ल्युकोकोप्रायनस दाखवून वॅक्सकॅप सापडल्याचे सांगणारेही भेटतात. त्याचे कल्ले देठापासून सुटे असतात आणि देठावर कडे असते. कॉर्टिनेरिअस आणि गॅलेरिना यांच्या काही जाती प्राणघातक असून दोघींचेही बीजाणू तपकिरी असतात.

खाण्याविषयी येथेच स्पष्ट लिहितो. या लेखातील कोणतेही अळंबे चवीलासुद्धा तोंडात घालू नये. भडक रंगाचे ते विषारी आणि पांढरे ते खाण्याजोगे हा समज साफ चुकीचा आहे. जगातील सर्वांत विषारी अळंब्यांपैकी काही पांढरीशुभ्र असतात. शिजवताना चांदीचे नाणे किंवा लसूण टाकून विष ओळखण्याच्या युक्त्यांनाही काही आधार नाही. कोणी चुकून खाल्लेच, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि उरलेले अळंबे डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत न्यावे.

पाचवी पायरी: छायाचित्रे आणि टिपण

एका अळंब्याची किमान पाच छायाचित्रे घ्यावीत: भोवतालच्या जागेसह, वरून, बाजूने, खालून कल्ल्यांचे आणि देठाच्या बुडाचे. शेंदरी रंग मोबाइलच्या कॅमेऱ्याला झेपत नाही. लाल भाग एकसंध डागासारखा येतो आणि छत्रीवरचे खवले नाहीसे होतात. त्यावर उपाय असा की पडद्यावर छत्रीवर बोट टेकवून प्रकाश थोडा कमी करावा आणि फ्लॅश पूर्णपणे बंद ठेवावा. अळंब्यावर आपली पावसाळी छत्री धरून सावली केली की ओल्या पृष्ठभागावरची चमक कमी होते. एका छायाचित्रात पांढऱ्या कागदाचा तुकडा शेजारी ठेवावा, म्हणजे पानांमधून येणाऱ्या हिरवट उजेडाने रंग किती बदलला आहे याचा पुढे अंदाज घेता येतो.

टिपणात तारीख, ठिकाण, समुद्रसपाटीपासूनची उंची, जवळची झाडे, माती किंवा मॉस, छत्रीचा व्यास, देठाची लांबी, माथ्याचा कोरडेपणा, कल्ल्यांची जोडणी, काळे पडणे आणि वास या बाबी असाव्यात. रंगाचे वर्णन लिहिताना 'लाल' एवढ्यावर थांबू नये. मध्य, कड, कल्ले, देठाचा वरचा भाग आणि बूड यांचे रंग स्वतंत्रपणे लिहावेत. हा रंग बीटाला आणि बोगनवेलीला रंग देणाऱ्या बीटालेन या द्रव्यगटाचा असून तो पाण्यात विरघळतो. पावसात भिजलेल्या जुन्या छत्र्या फिकट का पडतात आणि घरी येऊन आठवणीने लिहिलेला रंग का चुकतो, हे यावरून समजेल.

सहावी पायरी: बीजाणूंचा ठसा

गोळा करणे वैध असलेल्या जागेतून आणलेल्या एका पक्व अळंब्याचा देठ छत्रीलगत कापावा आणि छत्री, कल्ले खाली करून, स्वच्छ काचेच्या पट्टीवर ठेवावी. पंख्याचा वारा लागू देऊ नये. आपल्याकडे पावसाळ्यात खरी अडचण मुंग्यांची असते, म्हणून ताटात पाणी घालून त्यात एक वाटी पालथी घालावी, तिच्यावर काच व छत्री ठेवावी आणि वरून पेला उपडा घालावा. एवढ्या लहान छत्रीतून बीजाणू कमी पडतात, त्यामुळे रात्रभर हलवू नये. सकाळी काच आधी काळ्या आणि मग पांढऱ्या कागदावर धरून पाहावी. काळ्यावर पांढरी धूळ दिसली आणि वर सांगितलेली कल्ल्यांची लक्षणे जुळली तर हायग्रोसायबीकडे बोट दाखवता येते. ठसा गुलाबी उमटला तर एंटोलोमाचा विचार करावा.

सातवी पायरी: नाव किती पुढे न्यावे

नवशिक्याने आपली नोंद प्रजातीच्या नावाशी थांबवावी असे माझे ठाम मत आहे. हायग्रोसायबी हे नाव प्रजाती म्हणून पॉल कुमर यांनी १८७१ साली वापरले आणि तेव्हापासून तिच्यात बरीच मोडतोड झाली आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, डीएनएवर आधारलेल्या मांडणीत बुळबुळीत जातींची ग्लायोफोरस यासारखी गटवार विभागणी मान्य झाली. युरोपातील पुस्तकांतली चित्रे आपल्या अळंब्यांशी हुबेहूब जुळल्यासारखी वाटतात, पण तेथील वॅक्सकॅप मुख्यतः खत न घातलेल्या जुन्या कुरणांत उगवतात, तर आपल्याकडे त्यांचे घर रान आहे. उष्ण कटिबंधात श्रीलंकेतून एकोणिसाव्या शतकात वर्णन झालेली हायग्रोसायबी फर्मा हिच्यासारख्या जातीही आहेत, आणि तिची खूण म्हणजे एकाच अळंब्यात आढळणारे लहान व मोठे अशा दोन मापांचे बीजाणू, जे नुसत्या डोळ्यांना कधीच दिसणार नाहीत. केरळातील हायग्रोसायबीवर २००६ साली एक तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध झालेला आहे. सूक्ष्मदर्शक हाताशी आला की युरोपातील पुस्तकांपेक्षा त्याच अभ्यासापासून सुरुवात करावी.

छायाचित्रे आणि टिपण आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल यांवर नोंदवता येतात. मोबाइलने सुचवलेले जातीचे नाव तसेच स्वीकारू नये. 'हायग्रोसायबी' एवढेच नाव निवडून लक्षणे मजकुरात लिहिली तर जाणकारांना पुढचे काम सोपे जाते. देवराईतील किंवा खासगी कुळागरातील जागा असेल तर नेमके स्थान झाकून ठेवण्याची सोय वापरावी.

घरी नेऊन ही अळंबी लावण्याचा विचार कोणाच्या मनात आला तर तो सोडून द्यावा. कार्बन आणि नायट्रोजनच्या समस्थानिकांच्या मोजमापांवरून असे दिसते की वॅक्सकॅप ना पाचोळा कुजवून जगतात, ना इतर अनेक रानअळंब्यांप्रमाणे झाडांच्या मुळांशी नेहमीची भागीदारी करतात. मॉस किंवा इतर जिवंत वनस्पतींशी त्यांचा संबंध असावा असा अंदाज आहे. भाताच्या पेंढ्यावर धिंगरी वाढवतात तशी ती वाढवता येत नाहीत.

आठवी पायरी: नमुना वाळवणे

वैध रीतीने घेतलेला नमुना अभ्यासासाठी ठेवायचा असेल तर त्याच दिवशी वाळवावा. गोव्याच्या पावसाळी हवेत उघड्यावर ठेवलेले अळंबे वाळण्याऐवजी बुरसटते. फळे वाळवण्याच्या विजेच्या यंत्रात सुमारे ४० अंश सेल्सिअसवर, कुडकुडीत होईपर्यंत ते ठेवावे. यंत्र नसेल तर सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या बरणीत कागदावर ठेवावे आणि जेल ओलावले की बदलावे. वाळलेला नमुना कागदाच्या पाकिटात घालून, बाहेर टिपणाचा क्रमांक, तारीख, ठिकाण आणि गोळा करणाऱ्याचे नाव लिहावे आणि ते पाकीट पुन्हा हवाबंद डब्यात सिलिका जेलसह ठेवावे. ठशाची काचही त्याच क्रमांकाने जपावी. एखाद्या महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नमुना दाखवायला नेताना पाकीट, काच, छायाचित्रे आणि टिपण या चारही गोष्टी एकत्र न्याव्यात. वाळून तपकिरी झालेल्या तुकड्यावरून जाणकारालाही मूळ रंग सांगता येत नाही.